रिकाम्या मैदानातला ‘रा’

गोलच्या जाळीमागं मांजर मेलं होतं. आणि तेही काठीवर उभं राहून!

करडं, फुगलेलं, केसाळ. ना डोळे, ना शेपूट. सकाळचे साडेसहा वाजलेले, तेलंगणातल्या आदिलाबादचं अख्खं मैदान रिकामं, आणि मी एकटी. अशा वेळी शहाणी मुलगी पळून गेली असती. मी पाय उचलला.

“ओ मॅडम! मारू नका! माईक हाय थो!”

माझा पाय हवेतच राहिला. मैदानाच्या मधल्या रेषेपाशी एक टेबल होतं, त्याच्याखालून एक लांबच लांब पोट्टा निघाला आणि वारं प्यायलेल्या वासरासारखा धावत आला. हातात वायरचं भेंडोळं, गळ्यात हेडफोन.

“माईकाले कुठं केस असतात का?” मी म्हणाले. घाबरले की मी आधी भांडते. घरचे म्हणतात, हा गुण आजीचा.

“वाऱ्याचा आवाज शिरू नाई म्हणून आजच झूल घातली त्याले,” तो धापा टाकत म्हणाला. “मॅच मोबाईलवर लाईव्ह दाखवतेत ना, त्याच्या आवाजाचं काम माह्याकडं हाय. दोन्ही गोलांमागं एकेक माईक. पयल्या मॅचपासून हायेत. तुमी जिकडं, तिकडं—”

त्याचे कान लाल झाले. मला हळूहळू उमगायला लागलं.

त्याचं असं आहे, चेंडू पलीकडच्या टोकाला असला की गोलकीपरला काही काम नसतं. उभं राहा, वाट बघा. मला गप्प राहणं जमत नाही. म्हणून मी गोलच्या खांबांशी बोलते. मैदान कोणतंही असो, डावा खांब काका आणि उजवा खांब मावशी. त्यांना मी सगळं सांगते. कोणत्या रेफ्रीची ढेरी सुटली, मेसची आमटी कशी पांचट होती... सगळं.

“तुमी... आयकता?”

“कामच हाय थे.”

“सगळं?”

“मोबाईलवर नाई जात. तुमी तसं बोलाले लागल्या का म्या आवाज बारीक करतो. पन माह्या कानात येतेच ना.”

आणि मला दुसरी मॅच आठवली. ‘मावशी, थो हेडफोनवाला पोट्टा दिसाले बरा हाय वं. पन केस पाह्य त्याचे! नुसता खराटा. कवा तेल लावते का नाई?’

“म्या हर्षदीप. बेल्लमपल्लीचा,” तो म्हणाला. मग डोक्यावरून हात फिरवला आणि अगदी गरीब चेहरा करून म्हणाला, “तेलाचं पाहतो.”

धरणीमायनं पोटात घेतलं असतं तर मी लगेच गेले असते.

एरवी मी महिनाभर त्याला तोंड दाखवलं नसतं. पण त्या सकाळी मला लाजायलाही सवड नव्हती. आदल्या दिवसापासून घास उतरला नव्हता.

मी भाग्यश्री. जैनथची. गोदावरी महिला लीगमध्ये पैनगंगा क्लबची गोलकीपर, आणि पगारी खेळाडू बरं का, हौशी नाही. पण करार एकाच वर्षाचा. माझे बाबा नागोराव तहसीलमध्ये क्लार्क आहेत. त्यांनी जूनमध्येच सांगून ठेवलं होतं, “करार पुढं वाढला तर खुशाल खेळ. नाई वाढला तर बी.एड.चा फॉर्म भर. मंग रडायचं नाई.” करार कुणाचा वाढवायचा ते फायनलनंतर ठरणार होतं. फायनल रविवारी. आणि फायनलला मी गोलमध्ये उभी राहीन की नाही, हेच आता पक्कं नव्हतं.

झालं ते असं. परतीच्या पावसात एक वावटळ आली आणि गॅलरीचे पत्रे कापसासारखे उडाले. नशीब, तेव्हा तिथं चिटपाखरू नव्हतं. लगेच हुकूम निघाला, सेमीफायनल आणि फायनल प्रेक्षकांविना. बाबांनी ऑफिसात रजा टाकली होती, तीही वाया.

आता गंमत बघा. तोवर प्रत्येक मॅचला इतका गोंगाट असायचा की माझा आवाज माझ्या बॅकलाही ऐकू जायचा नाही. मी हातानं खुणा करायचे, काम भागायचं. सेमीफायनलला मैदान चिडीचूप झालं. पहिल्यांदाच माझा शब्द ऐकू गेला... आणि तिथंच घात झाला.

माझ्या उजवीकडं खेळते मंजुषा, बाजारहत्नूरची, आपल्यातली, घरची मराठी. डावीकडं सम्मक्का, मंचिर्यालची, घरची तेलुगू. समोरच्यांचा कॉर्नर होता. मी सम्मक्काला ओरडून खांबापाशीच राहायला सांगितलं, आणि ती बाई खांब सोडून धावत माझ्याकडं! मोकळ्या जागेतून चेंडू आत. आम्ही मॅच कशीबशी जिंकलो, पण नंतर आमची जी जुंपली! आम्ही दोघी हिंदीतून भांडतो, तेच बरं पडतं.

“तूने बुलाया मेरे को!”

“मैंने रुकने को बोला था!”

“झूठी!”

“तू झूठी!”

कोच मॅडमनी दोघींकडं पाहिलं आणि मलाच तेलुगूत म्हणाल्या, “रविवारी तू खेळायचं की दुसऱ्या कीपरनं, ते मी रविवारी सकाळी सांगेन.”

म्हणून तर मी सकाळी सकाळी रिकाम्या मैदानात येऊन मांजरं मारत होते.

“कालचं भांडण म्या आयकलं,” हर्षदीप म्हणाला. “म्हणून लवकर आलो. एक गोठ दाखवाची हाय. म्हणजे... आयकवाची.”

त्यानं गळ्यातले हेडफोन काढून माझ्या हातात दिले. कानाला लावले तर ते कोमट होते, त्याच्या गळ्याच्या उबेनं. उगाच माझं लक्ष तिकडं गेलं. मग आवाज सुरू झाला. माझेच धापा टाकणारे श्वास. बुटांची धप धप. आणि मग माझीच किंकाळी.

राऽऽ!

“काय म्हणलं तुमी?” त्यानं विचारलं.

“राह्य म्हणलं! खांबापाशी राह्य!”

“राह्य म्हणाचं होतं. घाईत ‘ह्य’ खाऊन टाकला. उरला नुसता रा.” तो थांबला. “आन् तेलुगूत रा म्हणजे काय?”

मी मटकन खाली बसले. गवत ओलं होतं, तरी बसले.

“ये,” मी म्हणाले. “रा म्हणजे ये.”

“हाव ना. आमच्या घरात मराठी, आन् दाराच्या बाहेर कोळसा खाणीची अख्खी कॉलनी तेलुगू. म्या बी पयले ‘ये’च आयकलं. मंग डोक्यात आलं, पोट्टी तं जैनथची हाय!” मग एकदम जीभ चावून, “मॅडम जैनथच्या हायेत.”

तेलुगू मला येत नाही असं नाही हो. शाळेत शिकले, बाजारात बोलते. पण जीव घशाशी आला की तोंडातून आईचीच बोली निघते, त्याला मी तरी काय करणार?

कोच मॅडमनी ते रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. “खोटं कुणीच बोललं नाही,” त्या म्हणाल्या. “पण गोल तो गोलच. समोर तेलुगू पोरगी असेल तर ‘उंडु’ म्हणायचं, थांब. तीन दिवसांच्या सरावात एकदा जरी ‘रा’ निघाला, तर ग्लोव्हज दुसरीला.”

उंडु. दोन अक्षरं. लहान लेकरूही शिकेल. पण माझ्या तोंडी बसेना.

“भाकरीचा उंडा आठवा,” हर्षदीपनं तोडगा काढला. “परातीत कसा बसून राह्यते? हालत नाई, डुलत नाई. तसं उंडु.”

मग तीन सकाळी संघ यायच्या आधी आमचा वेगळाच सराव. तो डाव्या खांबापाशी सम्मक्का होऊन उभा राहायचा आणि मी ओरडायचे. इतकी उंच सम्मक्का मी जन्मात पाहिली नव्हती. दहा वेळा उंडु नीट निघायचा आणि अकराव्या वेळी त्यानं चेंडू अंगावर फेकला की— रा!

पहिल्यांदा तसं झालं तेव्हा तो खांब सोडून निघाला आणि तडक माझ्यापुढं येऊन उभा राहिला. हातभर अंतरावर.

“काय हाय?” मी म्हणाले.

“तुमी बोलावलं.”

“म्या राह्य म्हणलं!”

“बरं. राह्यतो मंग,” असं म्हणून तो तिथंच उभा राहिला. हातभर अंतरावर. हलेचना बाई! शेवटी मीच त्याला ढकललं, आणि ढकलताना हसू फुटलं.

शुक्रवारी अशातच बाबांचा फोन आला. हातात ग्लोव्हज, म्हणून मी फोन गवतात ठेवून स्पीकर लावला.

“जय भीम, बाबा.”

“जय भीम, बेटा. जेवली का? सराव कसा—”

“जय भीम, काका!” मागून हर्षदीप. सवयीनं निघून गेलं त्याच्या तोंडून.

पलीकडून बाबांनी घसा खाकरला.

“कोण हाय थो?”

“माईक हाय, बाबा!” मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

“माईक?” बाबा म्हणाले. “माईक जय भीम म्हणते?”

मी फोन बंद केला. हर्षदीप पोट धरून गवतात लोळत होता, आणि मी त्याला ग्लोव्हजनं मारत होते. त्या दिवसापासून मॅडम गेलं आणि भाग्यश्री आलं. तुमी मात्र राहिलं.

आणि शनिवारी, वायर गुंडाळता गुंडाळता तो सहज बोलल्यासारखं म्हणाला, “उद्या मॅच झाली का गाडी भरून हैद्राबाद. तिथून गोव्याले, दुसरी स्पर्धा हाय. चार महिने.”

“बरं,” मी म्हणाले.

बरं! एवढंच निघालं. खांबांशी तासन् तास बोलणारी मी, आणि माणूस समोर असताना एक शब्द. उद्या ग्लोव्हज मिळाले नाहीत तर करार गेला. मिळाले आणि ‘रा’ निघाला तरी करार गेला. आणि काही झालं तरी संध्याकाळी हा जाणार.

रविवारी सकाळी कोच मॅडमनी ग्लोव्हज माझ्या हातात दिले. “तीन दिवस एकदाही चुकली नाहीस,” त्या म्हणाल्या. बाईंना पहाटेचा सराव कुठं माहीत होता! “पण गप्प राहू नको. माट्लाडु. बोल.”

दुपारी मैदानात उतरलो. समोर वरंगळचा संघ. वर पत्रे नसलेली गॅलरी, तिच्यात चार कावळे. रेफ्रीनं नाणं उडवलं तर ते पडल्याचाही आवाज आला. मी टेबलाकडं पाहिलं... आणि पाहतच राहिले. हर्षदीपनं केसांना चपचपीत तेल लावलं होतं. मधोमध भांग! शाळेच्या ओळखपत्रावरच्या फोटोतला मुलगाच जणू. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसून हसून मेले असते. त्या दिवशी मला रडू यायला लागलं.

आणि मॅच सुरू झाली तशी माझी वाचाच बसली.

आधी मला कुठं ठाऊक होतं की कुणी ऐकतंय? आता ठाऊक होतं. मी श्वास घेतला तरी तो त्याच्या कानात जाणार. काकांकडं बघून ‘काका’ म्हणायची सोय उरली नाही. ओठ हलेनात. सम्मक्का मागं वळून वळून पाहत होती, मंजुषा ओरडत होती, “काऊन गप्प हायेस वं?” पंचविसाव्या मिनिटाला एक फटका माझ्या बोटांना चाटून काकांवर आदळला. खणकन! रिकाम्या गॅलरीतून तो आवाज परत आला. काकांनी वाचवलं, मी नाही.

अर्धी मॅच शून्य-शून्य. कोच मॅडम जवळ आल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, “दहा मिनिटं देते. तोंड उघडलं नाहीस तर बदली कीपर.”

बाजू बदलायला निघाले तर वाटेत त्याचं टेबल. मी मान खाली घालून चालले होते. त्याच्यासमोर आले, तेव्हा त्यानं काय करावं? डोक्यावरचे हेडफोन काढले आणि गळ्यात अडकवले. मग माझ्याकडं पाहिलं. एक शब्द नाही. दोन्ही हात वर केले, जणू म्हणत होता, बोल बाई, मी नाही ऐकत.

त्याचं कामच ऐकायचं होतं. साहेबांनी पाहिलं असतं तर बोलणी बसली असती. पडद्यावरच्या रेघा बघून त्यानं उरलेली अर्धी मॅच आवाज सांभाळला.

“काका,” मी नव्या बाजूच्या डाव्या खांबाला म्हणाले, “दुखलं का हो मघाशी?”

आणि मग सुटलेच मी! सम्मक्का, उंडु! मंजुषा, डावीकडं पाह्य! उंडु, उंडु! सगळं मैदान माझ्या आवाजानं भरून गेलं. एकसष्टाव्या मिनिटाला मंजुषानं कॉर्नरवर डोकं लावलं आणि गोल! टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं, कावळे तेवढे उडाले.

त्यानंतरचा अर्धा तास मला विचारू नका. घड्याळ हलत नव्हतं. वरंगळच्या मुली माझ्या अंगावर येतच होत्या. शेवटची तीन मिनिटं वाढीव, आणि त्यातलं शेवटचं सुरू असताना त्यांना कॉर्नर.

चेंडू उंच आला. मी पुढं झेपावले, मूठ मारली, पण चेंडू लांब गेलाच नाही. त्यांच्या पुढच्या खेळाडूच्या पायाशी पडला. मी जमिनीवर पालथी. मागं गोल उघडा. फक्त डाव्या खांबापाशी सम्मक्का... आणि ती पुढं निघायला पाय उचलत होती. जीव घशाशी आला, आणि घशातून निघालं काय?

“राऽऽ!”

माझं मलाच ऐकू आलं. गॅलरीवर आदळून परतही आलं. रा... रा... संपलं, मला वाटलं. करार संपला, सगळं संपलं. मी डोळे मिटले.

धप्प!

डोळे उघडले तर सम्मक्का खांबापाशीच. जागची हलली नव्हती. चेंडू छातीवर घेऊन तिनं असा लाथाडला की तो गॅलरीत जाऊन पडला. शिट्टी वाजली.

सगळ्या पोरी माझ्या अंगावर पडल्या. त्या ढिगाऱ्याखालून मी विचारलं, “तू आई क्यों नहीं? मैंने तो रा बोला!”

“अरे पागल,” सम्मक्का म्हणाली, “तू डरती है तो मराठी बोलती है. तेरा रा मतलब उंडु. उस माईकवाले ने तीन दिन से शाम को मेरे से रटवाया. बोला, वो पक्का भूलेगी.”

पक्का भूलेगी! मला राग यायला हवा होता ना? मला शिकवून वर माझ्यावर एवढाही भरवसा नाही! पण राग आला नाही. मी चुकणार, हे धरून कुणीतरी माझ्यासाठी आधीच सोय करून ठेवली होती. मी गुडघ्यात तोंड घालून रडले.

कोच मॅडम आल्या, पाठीवर धपाटा घातला. “पुढच्या वर्षी मे महिन्यातच ये. आणि माझा मराठीचा क्लास घे.” करार म्हणजे आणखी काय असतं? बाबांचा फोन आला. नुसतं “बेटा... बेटा” चाललं होतं.

पदकं झाली, फोटो झाले, पोरी बसकडं गेल्या. मी ग्लोव्हज विसरल्याचं निमित्त करून परत आले.

मैदानात तो एकटा होता. रेषेपलीकडं गाडी उभी, अर्धं सामान चढलेलं. माझ्याकडं पाठ करून तो वायर गुंडाळत होता. केसाळ माईक अजून गोलमागं उभाच होता. आणि हेडफोन? त्याच्या गळ्यात. मी नीट पाहून घेतलं.

मग मी मावशीला टेकून उभी राहिले.

“मावशी,” मी म्हणाले, “हा चालला वं. त्याच्यासमोर माह्या तोंडातून ‘बरं’च्या पुढं निघत नाई. मले आवडते थो. तेल लावलं तरी आवडते, आता बोल! चार महिने म्या कोणाच्या कानात बोलू? रा म्हणावं वाटते त्याले... नुसतं रा.”

तो वायर गुंडाळतच होता. पाठ तशीच, हात तसेच. ऐकू गेलं नाही. बरंच झालं म्हणा. मी डोळे पुसले आणि बसकडं निघाले.

“उंडु!”

तीन दिवसांचा सराव! माझे पाय गवतात रुतल्यासारखे थांबले. मागं वळले तर तो पेनल्टीच्या ठिपक्यापाशी उभा, हातातली वायर सुटून पायात पडलेली.

“तुमी आयकलं?” मी ओरडले. “हेडफोन तं गळ्यात हाय तुमच्या!”

“मैदान रिकामं हाय, भाग्यश्री,” तो म्हणाला. “माणूस ना काणूस. हेडफोन कायले लागते?”

म्हणजे... दुसऱ्या हाफमध्येही! काकांना मी काय काय सांगितलं होतं! मी तोंडावर हात ठेवला.

“आता एकच सांग,” तो म्हणाला. तुमी गेलं, तू आलं. तेलाचा एक ओघळ कानशिलावरून खाली आला होता. “तू रा म्हणली. कोणत्या भाषेतला? तेलुगूतला का आपला?”

गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. हर्षदीपनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. तो माझ्याकडं पाहत होता, आणि इतकी भीती मला वरंगळच्या कॉर्नरचीही वाटली नव्हती.

“दोन्ही,” मी म्हणाले.

त्यानं हात वर करून गाडीवाल्याला सांगितलं, सामान घेऊन जा, मी मागून बसनं येतो. गाडी गेली. मग तो आधी आला. आणि मग राहिला.